फुरसे आणि त्याची जमीन

भारतात माणसाचा जीव घेणाऱ्या चार प्रमुख सापांपैकी नाग, मण्यार आणि घोणस यांच्याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. नागाला तर देवत्वच आहे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आहे, गारुड्यांच्या गोष्टी आहेत, चित्रपट आहेत. चौथ्या सापाच्या, म्हणजे फुरशाच्या वाट्याला यातले काही येत नाही. त्याची पूजा होत नाही, तो फणा काढत नाही. सर्पविषयक पुस्तकांत त्याला बहुधा एखादे पान मिळते आणि तेही ठरलेले: लांबी हातभर, रंग मातकट, डोक्यावर बाणासारखी फिकट खूण, अंग घासून आवाज करतो, चावल्यास रक्त गोठेनासे होते. यातले काही चूक नाही. पण हे वर्णन वाचून हा प्राणी कुठे राहतो, काय खातो, कोणत्या महिन्यात कुठल्या दगडाखाली असतो आणि तो नेमका माणसाच्याच हाताखाली का येतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नांपासून सुरू होते. गेल्या सव्वादोनशे वर्षांत फुरशाचा जो अभ्यास झाला तो बव्हंशी दंशापासून सुरू झाला आणि दंशापाशीच थांबला, असे माझे मत आहे. डॉक्टरांनी रुग्ण पाहिला, रसायनशास्त्रज्ञांनी विष पाहिले, संग्रहालयांनी बाटलीतला नमुना पाहिला. त्याची जमीन कोणी नीट पाहिली नाही. विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला या अभ्यासाचा आराखडा हाती असावा, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. फुरशाचे शास्त्रीय नाव एकिस कॅरिनेटस. घोणशीचे आणि त्याचे कुळ एकच, व्हायपरिडी. दक्षिण भारतात आणि कोकणात पूर्ण वाढलेले फुरसे फूट-सव्वा फुटाचे असते. राजस्थान, सिंध आणि त्यापलीकडे वायव्येला आढळणारी उपजाती याच्या दीडपट-दुप्पट भरते. डोक्यावर मोठे खवले नसतात. तिथेही अंगासारखेच बारीक, मधोमध कणा उठलेले खवले असतात. बाहुली उभी. दोन्ही कुशींवरून नागमोडी पांढरट रेघ जाते. शेपटीखालचे खवले मात्र जोडीजोडीने नसून एकेकटे असतात. सापाशी सवय असलेला माणूस मेलेल्या फुरशाची ओळख पटवताना हेच पाहतो, आणि हे पाहणे गरजेचेही आहे, कारण फुरसे समजून मांजऱ्या सापाला मारणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. मांजऱ्या जवळजवळ तितकाच मातकट, तितकाच मोठ्या डोळ्यांचा आणि डिवचल्यावर तितकाच चिडणारा. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

फुरशाचा आवाज प्रसिद्ध आहे. तो फूत्कार नव्हे. शरीराच्या बाजूचे काही ओळींतले खवले तिरके बसलेले असतात आणि त्यांच्या कण्याला करवतीसारखे दाते असतात. बिथरलेले फुरसे अंगाची वेटोळी एकमेकांना घासत जागच्या जागी फिरते, शेजारशेजारची वेटोळी उलट दिशांना सरकतात आणि तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चर्रर्र आवाज निघतो. फूत्कारात श्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो. कोरड्या मुलखात राहणाऱ्या सापाने तो वाचवण्यासाठी हा मार्ग धरला असावा, असा एक तर्क आहे. तर्क आकर्षक आहे, पण तो सिद्ध झालेला नाही, हेही लक्षात ठेवावे. इतके खरे की हा आवाज म्हणजे इशारा आहे. इशारा देणारा साप माणूस टाळू पाहत असतो. दंश होतात ते बहुधा इशाऱ्याला वेळच न मिळाल्यामुळे.

आहाराची गोष्ट मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते. साप म्हटले की उंदीर, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के आहे, आणि सर्पसंरक्षणाचा सगळा प्रचारही ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ या एका वाक्यावर उभा आहे. फुरसे या वाक्यात नीट बसत नाही. ते उंदीर खाते, पाली-सरडे आणि बेडूकही खाते, पण त्याच्या आहारात विंचू आणि गोम यांचा वाटा मोठा आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकिस प्रजातीतल्या निरनिराळ्या सापांचा आहार आणि त्यांच्या विषाचा विंचवावर होणारा परिणाम एकत्र तपासला गेला. ज्यांच्या आहारात विंचू-किडे जास्त, त्यांचे विष विंचवाला अधिक मारक निघाले. म्हणजे हे विष भक्ष्याच्या मापाने घडत गेले आहे. माणूस त्या हिशेबात कुठेच नव्हता. कोकणात विंचवाचा त्रास किती आहे हे ज्याला माहीत आहे, त्याने शेतकऱ्याच्या मित्रांची यादी पुन्हा एकदा तपासून पाहावी.

भारतीय फुरसे अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. याच प्रजातीतले आफ्रिकेतले भाईबंद अंडी घालतात. उन्हाळ्याच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत केव्हातरी मादीला पाच-दहा पिल्ले होतात, कधी अधिक. ती वीतभरही नसतात आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतात. दिवसा दगडाखाली, कपारीत, पातेऱ्यात, रात्री बाहेर. पावसाळ्यात जमीन भिजली की फुरसे झुडपावर चढून बसलेले आढळते. ‘जमिनीवरचा साप’ एवढ्यावर विसंबून कमरेच्या उंचीच्या झुडपात हात घालणाऱ्याला हे आधी सांगायला हवे.

आता अभ्यासाचा इतिहास. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला वैद्य विशाखापट्टणला राहून कोरोमंडल किनाऱ्यावरचे साप गोळा करीत होता. 1796 साली त्याने चित्रांसह प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात हा साप येतो. त्या आधारावर योहान श्नायडर या जर्मन पंडिताने 1801 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. मूळ नमुना तमिळनाडूतल्या आरणीचा. हे काम शुद्ध वर्गीकरणाचे होते: खवले मोजा, चित्र काढा, नाव द्या. या परंपरेचा कळस म्हणजे माल्कम स्मिथचा 1943 चा सर्पखंड. तो आजही अभ्यासकाच्या टेबलावर असतो. आपल्याकडे या धारेला लोकांपर्यंत आणले ते हाफकिन संस्थेत काम केलेल्या डॉ. पु. ज. देवरसांनी, पुढे रॉम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांनी, आणि मराठीत नीलिमकुमार खैरे यांनी.

दुसरी धारा राज्यकारभाराची. ब्रिटिश सरकारला साप हा महसूल आणि मृत्युसंख्येचा प्रश्न वाटत होता. जोसेफ फेररचा भारतातल्या विषारी सापांवरचा ग्रंथ 1872 चा, तो याच काळजीतून आला. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांची संख्या पाहून अधिकारी हबकले आणि प्रत्येक मेलेल्या फुरशामागे बक्षीस जाहीर झाले. 1860 च्या दशकातल्या एका मोहिमेत काही दिवसांतच लाखाहून अधिक फुरशी मारून कचेरीत जमा झाली. सापांवरच्या बक्षिसांचा विषय निघाला की दिल्लीत लोकांनी बक्षिसासाठी नाग पाळल्याची गोष्ट हटकून सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. पुराव्यानिशी सांगण्यासारखी गोष्ट रत्नागिरीची आहे आणि ती कोणी सांगत नाही. त्या संहाराने फुरसे संपले नाही, आणि आजही कोकणच्या कातळावर ते विपुल आहे. फटीफटींच्या जमिनीत राहणारा, पिल्ले देणारा छोटा प्राणी मारून संपत नाही. एवढा एक धडा त्या पैशांतून मिळाला, पण तो कोणी वहीत उतरवला नाही.

या धारेतला एक माणूस मात्र वेगळा होता. जी. डब्ल्यू. विडाल हा मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी 1880 मध्ये त्यानेच केली. 1890 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कानड्यातल्या विषारी सापांवर लिहिताना त्याने सर्पदंशाच्या सरकारी आकडेवारीवरच बोट ठेवले. नोंदीत साप चुकीचे ओळखले जातात आणि इलाख्यातल्या मृत्यूंमागे नागापेक्षा फुरशाचा हात मोठा आहे, असे त्याचे म्हणणे होते. आकडे कोण गोळा करतो आणि त्याला साप ओळखता येतो का, हा त्याचा प्रश्न एकशे तीस वर्षांनीही जसाच्या तसा उभा आहे.

तिसरी धारा वैद्यकाची. ती सर्वांत श्रीमंत आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. आल्बेर काल्मेतने 1890 च्या दशकात सर्पविषावरचा पहिला रक्तद्रव तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की ती काढून शुद्ध करायची. आपल्याकडची लस बहुगुणी आहे, म्हणजे चारही सापांच्या विषांवर एकच. तिच्या प्रत्येक मिलिलिटरने फुरशाचे 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे प्रमाण ठरलेले आहे. लसीची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. साप मूल बघून कमी विष सोडत नाही, त्यामुळे मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते. हे वाक्य दर पावसाळ्यात प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहावे.

फुरशाचे विष रक्तात काय करते ते समजून घेतले की लक्षणांचा अर्थ लागतो. विषातला एकॅरिन नावाचा घटक रक्त गोठवणारी यंत्रणा अवेळी चालू करतो. रक्तातले गोठवणारे द्रव्य, फायब्रिनोजेन, ठिकठिकाणी फुकट खर्च होऊन संपते. मग खरोखरच गोठण्याची वेळ येते तेव्हा हाती काही उरत नाही. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त येऊ लागते. हे लगेच होतेच असे नाही. पहिल्या दिवशी फक्त सूज आणि ठणका दिसतो, रुग्ण घरी जातो आणि रक्तस्राव नंतर उद्भवतो. फुरशाच्या दंशाने मृत्यू झाला तर तो पुष्कळदा काही दिवसांनी होतो, आणि म्हणूनच ‘बारीकसा साप, काही होत नाही’ हा समज गावोगाव टिकून आहे.

या सगळ्यावरची चाचणी आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर ते गोठत नाही, लस द्यायची. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि ती साबणाने धुतलेलीही नसावी. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात नायजेरियात एकिसच्या दंशाचे रुग्ण तपासताना ही खाटेशेजारची पद्धत बसवली. महाराष्ट्रात महाडसारख्या ठिकाणी राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जगन्मान्य काम केले, ते सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशांवरचे त्यांचे आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचे निबंध तितकेच वाचण्यासारखे आहेत. तालुक्याच्या गावी बसून केलेल्या वैद्यकाचा तो नमुना आहे.

वॉरेल यांच्या नायजेरियातल्या निबंधाच्या शीर्षकात एकिस कॅरिनेटस हेच नाव होते. तेव्हा आफ्रिकेपासून भारतापर्यंतचे हे साप एकाच नावाखाली मोडत. नंतर वर्गीकरण बदलले. पश्चिम आफ्रिकेतली जात वेगळी ठरली, पुढे तीही फुटली, आणि 2009 च्या आनुवंशिक अभ्यासाने या प्रजातीत चार मोठ्या शाखा असल्याचे दाखवले. ‘जगात सर्वाधिक माणसे मारणारा साप’ ही फुरशाची ख्याती बरीचशी त्या जुन्या, एकत्र बांधलेल्या गाठोड्यातून आली आहे. भारतापुरते बोलायचे तर मृत्यूंचा मोठा भार घोणस आणि मण्यारीकडे आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000 मृत्यूंचा अंदाज दिला. त्याच अभ्यासातल्या आढाव्यात नोंदलेल्या दंशांपैकी सुमारे 43 टक्के घोणशीचे होते. फुरशाची भीती घालण्यासाठी जागतिक विशेषणे उसनी आणण्याचे कारण नाही. जो कामाला येणारा हात गमावतो किंवा पावसाळ्याची मजुरी गमावतो, त्याच्यासाठी न मारणारा दंशही पुरेसा असतो.

नावांचा हा घोळ कागदावर राहिला असता तर चालले असते. पण लस नावावर चालत नाही, विषावर चालते. घानामध्ये भारतात बनलेली लस तिथल्या एकिसच्या दंशावर वापरली गेली आणि मृत्यूंचे प्रमाण वाढले. आपल्या देशातही हाच प्रश्न आहे. लसीसाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर 1978 मध्ये ही संस्था उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचे आणि तो परत जंगलात सोडायचा, ही तिची रीत. आदिवासी ज्ञान आणि सहकार यांचा इतका चांगला मेळ देशात दुसरीकडे क्वचित सापडेल. दोष तिचा नाही. पण दक्षिणेतल्या फुरशाच्या विषावर बेतलेली लस राजस्थानातल्या मोठ्या फुरशाच्या दंशावर अपेक्षेइतकी उतरत नाही, असे जोधपूरच्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. आणखी दक्षिणेला गुंता वेगळा. गोव्यापासून खाली पश्चिम घाटात चापड्याच्या कुळातला, नाक वर वळलेला एक लहान साप आहे. केरळात त्याचे दंश फुरशाचे समजून त्यावर लस दिली जात होती आणि तिचा उपयोग होत नव्हता, हे 2007 मध्ये उघड झाले.

चौथी धारा प्रयोगशाळेची, तिची नोंद थोडक्यात घेतो. जे विष रक्ताची व्यवस्था बिघडवते, त्याच्यातच ती व्यवस्था हाताळण्याच्या किल्ल्या असतात. फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचे छोटे प्रथिन आहे. ते रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या रचनेतला एक तुकडा समोर ठेवून टिरोफिबान हे औषध घडवले गेले आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या झटक्यात ते आज वापरतात. एकॅरिनचा उपयोग रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांची मात्रा तपासण्यासाठी होतो. फुरशाबद्दल चांगले बोलायचे म्हटले की हे उदाहरण हमखास दिले जाते. मला ते थोडे अडचणीचे वाटते. औषध देतो म्हणून जगू द्या, हा सौदा झाला. उद्या तोच रेणू कारखान्यात बनू लागला, आणि तो बनतोच आहे, की फुरशाची गरज संपली असे म्हणावे लागेल.

पाचवी धारा सर्पमित्रांची. गेल्या चाळीसेक वर्षांत महाराष्ट्रात ती जितकी फोफावली तितकी क्वचितच कुठे. पुण्यातल्या कात्रजच्या सर्पोद्यानाने अनेक पिढ्यांची भीती मोडली, आणि हजारो साप काठीखालून वाचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण सर्पमित्राच्या चळवळीचा कणा म्हणजे घरात शिरलेला साप. तो पकडायचा आणि दूर नेऊन सोडायचा. फुरशाच्या बाबतीत ही रीत तोकडी पडते. एक तर ते घरात कमी आणि अंगणाच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगात, बागेत जास्त असते. दुसरे, अनोळखी जागी सोडलेला छोटा साप तिथे जगतो की नाही हे आपल्याकडे फारसे कोणी तपासलेले नाही. त्यात मोबाइलवर चित्रफिती टाकण्याची हौस आली. हाताच्या बोटांवर खेळवण्यासाठी फुरशाइतका वाईट साप नाही. त्याचा पल्ला छोटा पण झेप विजेसारखी असते. या चळवळीवर पुस्तकातले एक लेखक माझ्यापेक्षा कडक बोलले आहेत, आणि ते स्वतः सर्पमित्र आहेत.

आता जमिनीकडे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात समुद्रापासून थोडे वर चढले की जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे लागतात. एप्रिलमध्ये पाहिले तर काळा-तांबूस ओसाड कातळ. जूननंतर तिथेच खळग्याखळग्यांत पाणी साचते, बेडूक येतात, किडे येतात, आणि श्रावणात इतरत्र न सापडणाऱ्या इवल्या वनस्पतींची फुले अंथरली जातात. याच कातळावर आदिमानवाने कोरलेली चित्रे आहेत. 2022 मध्ये ती जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. महसुली दप्तरात मात्र हा सडा ‘पडीक’ किंवा ‘पोटखराब’ आहे. ज्या जमिनीला दप्तरात किंमत नाही तिच्यावरच्या प्राण्याला कुठून असणार?

फुरशाला हीच जमीन मानवते. सुटे दगड, भेगा, विंचू, पाली, विरळ झुडपे. दाट सदाहरित रानात ते जवळपास नसते. पण हा सडा गेल्या दोन-तीन पिढ्यांत झपाट्याने बदलला. सुरुंग लावून कातळ फोडला, खड्ड्यांत माती भरली आणि हापूसची कलमे लावली. चिरेखाणींनी डोंगरांचे चौकोन कापले. सड्यावर कलमे आली म्हणजे फुरसे गेले असे समजणाऱ्यांनी एकदा बाग पाहावी. फोडलेल्या दगडांचे गडगे, झाडाखाली जमलेला पातेरा, पाण्यासाठी येणारे बेडूक आणि उंदीर: आपण फुरशासाठी घरे बांधून दिली. फरक एवढाच की सड्यावर पूर्वी गुराखी आणि गवत कापणारे जात, तेही दिवसा आणि जागा ओळखून. बागेत माणूस रात्रंदिवस असतो. आंब्याच्या हंगामात राखणीला येणारे नेपाळी गडी अंधारात बॅटरी घेऊन फिरतात, त्यांना या सापाची कसलीच पूर्वओळख नसते. काजूच्या बिया बायका आणि मुले वाकून पातेऱ्यातून उघड्या हातांनी वेचतात. दंश कोणाला होतो याचे उत्तर सापाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा मजुरीच्या पद्धतीत शोधले तर लवकर सापडते.

मग संवर्धन कशाचे? प्रश्न रास्त आहे. फुरसे दुर्मिळ नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते ‘धोका नसलेल्या’ वर्गात आहे, भारतापासून अरबस्तान आणि मध्य आशियापर्यंत पसरलेले आहे. आपल्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे, पण गडग्यात सापडलेले फुरसे मारणाऱ्या माणसावर खटला भरला गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि भरावा असे मला वाटतही नाही. वाघासारखे किंवा माळढोकासारखे हे संवर्धन नव्हे. इथे शेवटची काही डोकी वाचवायची नाहीत. इथे एका विपुल आणि धोकादायक प्राण्याबरोबर माणसाने कमीत कमी इजा होऊन कसे राहायचे, हे ठरवायचे आहे. पातेरा हाताने न उचलता दाताळ्याने ओढणे, घोट्यावर येणारे बूट, हातमोजे, काजूच्या हंगामाआधी झाडाखालची जागा झाडून घेणे, घराला लागून असलेल्या गडग्याच्या फटी लिंपणे आणि दूरच्या गडग्याला हात न लावणे: या गोष्टींनी दंश कमी होतात आणि सापही मरत नाहीत. दंश कमी करणे आणि साप राखणे ही दोन वेगळी खाती नाहीत. ज्या गावात दंश झालेला माणूस बरा होऊन घरी येतो, त्या गावात सड्यावरचे फुरसे सड्यावर राहू शकते. ज्या गावात तो वाटेतच मरतो, तिथे वणवा लावून सडा जाळण्याला कोणी आडकाठी करणार नाही.

हा विषय आज हाती घेण्याचे कारणही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले आणि 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. मार्च 2024 मध्ये भारताचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. आकडे आता खरोखर गोळा होतील अशी आशा आहे. पण विडालची शंका इथेही लागू आहे. अर्जावर ‘साप: अज्ञात’ एवढेच लिहिले गेले तर लाख नोंदींतूनही कोकणातल्या फुरशाबद्दल काही कळणार नाही. दुसरीकडे सड्यांवर प्रकल्प, रस्ते, खाणी यांची गर्दी वाढते आहे. जमीन बदलते तेव्हा साप आणि माणूस यांच्या भेटीची जागा बदलते. ती कुठे सरकली हे आरोग्य खात्याला दंश झाल्यावर कळते आणि वन खात्याला बहुधा कळतच नाही.

हे पुस्तक त्या दोन खात्यांच्या मधल्या जागेत बसते. यात डॉक्टर आहेत, निसर्गअभ्यासक आहेत, बागायतदार आहेत, आणि सड्यावर गुरे राखण्यात आयुष्य गेलेल्या माणसांच्या मुलाखती आहेत. सगळ्यांचे एकमत नाही. बागायतदारांना संवर्धनाची भाषा शहरी वाटते, अभ्यासकांना बागायतदारांची घाई खुपते, आणि लस ठिकठिकाणच्या विषावर बनवावी की आहे तीच वेळेवर पोचवावी, यावर दोन डॉक्टर चक्क भांडले आहेत. संपादकांनी हे भांडण मिटवले नाही, ते बरे केले. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. प्रादेशिक लस यायला हवी, पण देवगड तालुक्यातल्या मजुराला आज उपयोग आहे तो पहाटे तीन वाजता उघड्या असलेल्या दवाखान्याचा, तिथल्या लसीच्या कुप्यांचा आणि एका काचेच्या नळीचा.

पुस्तकात उणिवाही आहेत. मराठवाडा-विदर्भातल्या माळरानांवरचे फुरसे इथे जवळजवळ आलेच नाही. कोकणाबाहेरच्या अभ्यासकांनी ही जागा भरावी. गोव्यातल्या सड्यांवर एकच लेख आहे, तोही छोटा. फुरशाची एका सड्यावरची संख्या किती, ते किती अंतर फिरते, बाग झाल्यावर त्याचे खाणे बदलते का, यांवर कोकणात कोणी वर्षानुवर्षे टिकून काम केलेले नाही, आणि पुस्तक ते काम झाल्याचा आव आणत नाही. एखाद्या महाविद्यालयातल्या तरुण अभ्यासकाने यांपैकी एक प्रश्न उचलला तरी संपादकांचे श्रम कारणी लागतील.

वाचकांना एक विनंती. प्रथमोपचार आणि ओळख यांवरची दोन प्रकरणे मुद्दाम सोप्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत छापली आहेत. हंगाम सुरू होण्याआधी ती आपल्या बागेत, खाणीवर, वाडीत काम करणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, हे दंश होण्याआधी विचारून या.